बसूनही न ओसरणारा दम

मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळच्या जामसांवलीत हनुमान निजलेल्या मुद्रेत आहेत. दर्शनाला दूरदूरची माणसं येतात, कित्येक आजाराचं गाऱ्हाणं घेऊन. त्या श्रद्धेशी भांडण नाही. भांडण आहे ते दम लागलेल्याला म्हटल्या जाणाऱ्या ‘बसा जरा, वाटेल बरं’ या वाक्याशी.

चालून लागलेला दम विसाव्याने उतरतो. बसूनही उतरत नाही, तो वेगळा. माणूस दोन शब्दांवर अडतो, हात गुडघ्यांवर रोवून पुढे झुकतो, गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २०. ३० झाले, ओठ निळसर पडले किंवा बोलणं भरकटलं, तर थांबायचं नाही.

अशाला आडवं निजवू नये, पाणी पाजू नये. ताठ बसवावं, गर्दी हटवावी, त्याचा स्वतःचा इनहेलर असेल तर द्यावा आणि १०८ लावावा. घास अडकून आवाजच फुटत नसेल, तर पुढे वाकवून पाठीवर खांद्याच्या पात्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा द्याव्यात.

जामसांवली ज्यात येते, तो पांढुर्णा २०२३ मध्ये जिल्हा झाला. आता गर्दीच्या दिवशी रांगेपाशी ऑक्सिजन सिलिंडर आणि हे सारं शिकलेले चार स्वयंसेवक हवेतच.