पगाराचे तीन आकडे

नेमणूकपत्रात वर्षाला २ लाख ९२ हजारांचे पॅकेज लिहिलेले असले की घरातली माणसे त्याला बाराने भागतात आणि महिन्याला २४ हजार ३०० रुपये येणार असे धरून चालतात. त्या भरवशावर खोली भाड्याने घेतली जाते, धाकट्या भावंडाची फी ठरते, गाडीचा हप्ता ठरतो. महिनाअखेरीस खात्यात १७ हजार ८५० रुपये जमा होतात. कंपनीने फसवले, असे कामगाराला वाटते. दुसरीकडे मालक म्हणतो, मी या माणसावर २४ हजारांच्या वर खर्च करतो आणि तरी तो नाराज. दोघांचेही आकडे खरे असतात, पण ते एका कागदावर शेजारी-शेजारी कधी मांडलेलेच नसतात. महाराष्ट्रात रोजगाराची चर्चा गुंतवणुकीचे करार, कारखाने आणि भरती यांभोवती फिरते. माझ्या मते तिची सुरुवात याहून लहान गोष्टीपासून व्हायला हवी. नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत आणि नेमणूकपत्रात तीन आकडे छापणे कायद्याने बंधनकारक करावे: मालकाला येणारा एकूण खर्च, ठरलेला पगार आणि हातात पडणारी रक्कम.

हे आकडे कसे तयार होतात ते एका साध्या उदाहरणात पाहू. समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात कामगाराचा महिन्याचा पगार २०,००० रुपये ठरला. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० आणि घरभाडे भत्ता ५,०००. देशभरातल्या नियमित पगारदारांची सरासरी मासिक कमाई २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीत वीस-एकवीस हजारांच्या आसपास होती, म्हणजे हा पगार सरासरीच्या जवळचाच आहे. त्याच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीचे (फंडाचे) १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये, कर्मचारी राज्य विमा योजनेचे पाऊण टक्का म्हणजे १५० रुपये आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात. उरतात १७,८५०. आता मालकाची बाजू. त्याला फंडात आपले १,८०० रुपये भरावे लागतात, शिवाय प्रशासन खर्च आणि ठेवसंलग्न विमा मिळून एक टक्का म्हणजे १५० रुपये. राज्य विमा योजनेचे सव्वातीन टक्के म्हणजे ६५० रुपये. ग्रॅच्युइटीसाठी वर्षाला १५ दिवसांचे वेतन बाजूला ठेवायचे, ते महिन्याला ७२१ रुपये होते. बोनसची किमान ८.३३ टक्के रक्कम १२,००० रुपयांवर मोजली तर महिन्याला १,००० रुपये. बेरीज २४,३२१. याला बाराने गुणले की नेमणूकपत्रातले पॅकेज तयार होते.

मालकाच्या खिशातून निघालेले २४,३२१ आणि कामगाराच्या हातात आलेले १७,८५० यांत ६,४७१ रुपयांचे अंतर आहे. ‘मधले पैसे सरकार खाते’ असे सर्रास बोलले जाते, म्हणून ही रक्कम तपासून पाहू. कामगाराचे आणि मालकाचे मिळून ३,६०० रुपये कामगाराच्या फंडात आणि निवृत्तिवेतनात जातात; त्यातले १,२५० निवृत्तिवेतनाचे. राज्य विमा योजनेचे ८०० रुपये त्याच्या आणि कुटुंबाच्या औषधोपचारासाठी, आजारपणातल्या रजेसाठी, बाळंतपणाच्या भरपगारी रजेसाठी. १,००० रुपये दिवाळीच्या बोनसचे, ७२१ ग्रॅच्युइटीचे आणि ७५ रुपये कामगार सेवेत असताना दगावला तर घरच्यांना मिळणाऱ्या विम्याचे. कामगाराच्या वाट्याला थेट येत नाहीत असे दोनच आकडे उरतात: व्यवसाय कराचे २०० आणि फंडाच्या प्रशासनाचे ७५. म्हणजे अंतराच्या शंभर रुपयांतले जेमतेम सव्वाचार. व्यवसाय कराला राज्यघटनेनेच वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, आणि एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. राहिलेले सगळे पैसे कामगाराचेच आहेत; ते आज हातात न येता आजारपणात, दिवाळीत किंवा म्हातारपणी येतात. ज्याला आपण कपात म्हणतो ते पुढे ढकललेले वेतन आहे, ही गोष्ट कामगाराला कोणी नीट सांगत नाही आणि मालकही ती मोकळेपणाने मान्य करत नाही.

‘महाराष्ट्रात पगार किती’ या प्रश्नाला एक उत्तर देता येत नाही, कारण हे राज्य म्हणजे एकच बाजार नव्हे. मुंबई, ठाणे, पुणे आणि आणखी मोजके जिल्हे राज्याच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक वाटा उचलतात. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम दरडोई उत्पन्नात तळाशी राहतात. कायद्यालाही हे माहीत आहे. किमान वेतनासाठी राज्याची परिमंडळे पाडलेली आहेत, त्यामुळे एकाच कामाचा किमान दर मोठ्या महापालिकेच्या हद्दीत एक आणि तालुक्याच्या गावी दुसरा असतो. वर महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे विशेष भत्ता सहा-सहा महिन्यांनी बदलतो. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना मुंबई-पुण्यात मूळ वेतनाच्या ३० टक्के घरभाडे भत्ता देते, नागपूर-नाशिकला २० आणि लहान गावांत १०. राज्य सरकारच्या सर्वांत खालच्या वेतनस्तरात मूळ वेतनच १५,००० पासून सुरू होते आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये दर होता. एकाच राज्यातले हे सगळे ‘पगार’ आहेत. म्हणूनच जाहिरातीतला सुटा आकडा फसवा ठरतो. १७,८५० रुपये लातूरला आईवडिलांच्या घरी राहून मिळाले तर त्यातून बचत होते. तेच भोसरीत खोलीचे भाडे, खाणावळ आणि प्रवास भागवून महिनाअखेर उसनवारीवर येतात.

आकडे झाकण्याची किंमत दोन्ही बाजूंना मोजावी लागते. कायद्याचे उंबरठे एकेका आकड्यावर बांधलेले आहेत. २० माणसे झाली की फंड लागू होतो; २१,००० च्या वर पगार गेला की राज्य विमा योजनेचे छत्र जाते आणि बोनसचा कायदेशीर हक्कही संपतो; फंडाची १५,००० ची मर्यादा सप्टेंबर २०१४ मध्ये ठरली. मग एकोणीस माणसे मस्टरवर आणि बाकीची व्हाउचरवर, मूळ वेतन कमी आणि भत्ते जास्त, अशा वाटा काढल्या जातात. सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते फंडासाठी वेतनातच धरावे लागतील, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी भत्त्यांचा वाटा निम्म्याच्या वर गेला तर वरचा भाग वेतनातच मोजायचा, असा नियम केला. म्हणजे लपवण्याची एकेक वाट बंद होत चालली आहे. तरीही देशातल्या निम्म्याहून अधिक नियमित पगारदारांकडे लेखी करार नव्हता, असे २०२३-२४ ची तीच श्रमशक्ती पाहणी सांगते. ज्याच्या हातात कागदच नाही, त्याने आपले वेतन कशाच्या आधारे मोजायचे?

यातूनच कंत्राटी भरतीला बळ मिळते, कारण ‘कंत्राटी माणूस स्वस्त पडतो’ हा समज पक्का झाला आहे. हिशेब मांडला तर हा समज टिकत नाही. ठेकेदाराने सगळे कायदे पाळले, तर त्यालाही तेच किमान वेतन, तोच फंड, तोच विमा, तोच बोनस द्यावा लागतो. त्यावर त्याची दलाली आणि मनुष्यबळ सेवेवरचा १८ टक्के जीएसटी चढतो. कारखान्याला त्या कराची वजावट मिळते, पण रुग्णालयांसारख्या करमुक्त सेवा देणाऱ्या संस्थांना तो भार स्वतःच सोसावा लागतो. म्हणजे कायदा पाळून ठेवलेला कंत्राटी माणूस त्याच पगाराच्या कायम माणसापेक्षा महाग पडायला हवा. तो स्वस्त पडत असेल तर त्याचा पगारच कमी ठरलेला असतो किंवा कुठेतरी काहीतरी भरले जात नाही. राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य संस्थांमार्फत पदे भरण्याचा निर्णय काढला आणि तरुणांच्या रोषानंतर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. त्या वेळी चर्चा आरक्षण आणि नोकरीच्या शाश्वतीभोवती झाली, ती रास्तच होती. पण एका पदामागे संस्थेला किती आणि उमेदवाराच्या हातात किती, हा प्रश्नही तितक्याच मोठ्याने विचारायला हवा होता.

हिशेब उघड ठेवण्याची एक परंपरा महाराष्ट्रात आधीच आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. रोज वेगवेगळ्या गाळ्यांवर ओझी वाहणाऱ्या हमालाला एक मालक नव्हता, म्हणून मंडळे स्थापन झाली. व्यापारी मजुरी मंडळात भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही वेगळी भरतो. फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार यांचे पैसे त्या लेव्हीतून येतात. माथाडी मंडळांच्या कारभारावर टीका करता येईल आणि कायद्याच्या आडून खंडणी मागणाऱ्या टोळ्यांचा प्रश्नही खरा आहे. तरी मूळ कल्पना मोलाची आहे: मजुरी एवढी, लेव्ही एवढी, हे दोघांनाही आधीपासून ठाऊक. पन्नास वर्षांहून अधिक काळ बाजार समितीतल्या हमालाला मिळत आलेली ही स्पष्टता पदवीधर तरुणाला नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप लहान उद्योजकाचा असतो, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. वीस-पंचवीस माणसांची कार्यशाळा चालवणाऱ्याला बिले वेळेवर मिळत नाहीत, वीज महाग आहे, आणि पगारावर वीस-बावीस टक्क्यांचा बोजा त्याला जड जातो. भरती एखाद्या संस्थेमार्फत केली तर सहसा एका महिन्याच्या पगाराइतकी फी जाते. नवा माणूस हाताखाली तयार होईपर्यंत दोन-तीन महिने अर्धेच काम निघते. पण मी नवा बोजा मागत नाही, असलेला बोजा छापायला सांगतो. उलट खर्च उघड झाला तर मदत कुठे द्यायची तेही उघड होते. ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या केंद्राच्या रोजगार योजनेत नव्या कामगारामागे मालकाला महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत रक्कम दोन वर्षे मिळते. आपल्या उदाहरणात मालकाचा वरखर्च ४,३२१ आहे. ही मदत त्यातला बराच भाग भरून काढू शकते. दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय हे लहान मालकाच्या ध्यानात येणार नाही.

दुसरा आक्षेप कामगाराच्याच तोंडून येतो: मला फंड नको, रोख द्या. महिन्याची ओढाताण असलेल्या माणसाला हे म्हणण्याचा अधिकार आहे आणि त्याच्या अविश्वासाला कारणही आहे. निवृत्तिवेतनाची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर अडकली आहे, विमा रुग्णालयांची अवस्था सगळीकडे सारखी नाही, फंडाचा दावा नावातल्या एका अक्षरावरून परत येतो. यावर उपाय या सेवा सुधारणे हा आहे, कामगाराला त्यांतून बाहेर काढणे हा नाही. शिवाय रोखीचा सौदा क्वचितच कामगाराच्या फायद्याचा ठरतो. फंडाला नकार देणाऱ्याला मालकाच्या वाट्याचे १,९५० रुपये पगारात वाढवून मिळतात का, हा प्रश्न त्याने विचारून पाहावा. तीन आकडे छापले गेले तर तो प्रश्न विचारण्याची हिंमत त्याच्यात येईल.

तिसरा आक्षेप असा, की पगार ही दोघांमधली खासगी बाब आहे आणि जाहीर केला तर स्पर्धक माणसे पळवतील. पगार ठरवण्याचे स्वातंत्र्य यात कुठेच जात नाही. जाहिरातीत किमान आणि कमाल अशी पट्टी दिली तरी पुरे. बाजारात डाळीच्या पाकिटावर वजन आणि किंमत छापणे सक्तीचे आहे, म्हणून दुकानदारी बंद पडलेली नाही. माणसाच्या वर्षभराच्या श्रमांचा सौदा करताना त्याहून कमी माहिती द्यावी, हे मला पटत नाही. सुरुवात सरकारने स्वतःपासून करावी. राज्याच्या महास्वयम् संकेतस्थळावरच्या प्रत्येक रिक्त जागेपुढे तीन आकडे आणि कामाच्या ठिकाणाचे परिमंडळ असावे. सरकारी कार्यालयातल्या प्रत्येक मनुष्यबळ कंत्राटात संस्थेला एका माणसामागे किती आणि त्या माणसाला किती, हे दर्शनी भागात लावावे. त्यासाठी नवे खाते लागत नाही. हे आकडे ठेकेदाराच्या बिलात आणि पगारपत्रकात आधीच असतात.

हिंगोलीतला एखादा मुलगा पुण्याच्या नोकरीला हो म्हणायचे की जिल्ह्यातच थोड्या कमी पगारावर राहायचे, हे ठरवतो, तेव्हा तो आयुष्याची आठ-दहा वर्षे पणाला लावत असतो. त्या क्षणी त्याच्यासमोर पॅकेजचा एकच आकडा असतो, आणि त्यातले किती हातात, किती फंडात जाणार हे त्याला पहिल्या पगारानंतर कळते. तोवर घर सुटलेले असते आणि खोलीची अनामत भरलेली असते. ते सगळे नेमणूकपत्राच्या पहिल्या पानावर तीन ओळींत लिहिता येते. त्या तीन ओळी त्याला गाडीत बसण्याआधी मिळाल्या पाहिजेत.