मिसोचे सार, तिळाची वडी

जपानी जेवण म्हटले की आपली मंडळी कच्च्या माशाच्या नावाने नाक मुरडतात. गेल्या वर्षी भाच्याकडे ओसाकाला गेलो. आई बरोबर होती. जन्मात अंड्याला न शिवलेली! पहिल्याच रात्री तिने मिसोचे सार दोन वाट्या घेतले. मिसो आंबवलेल्या सोयाबीनचा, हे खरे. पण साराचे पाणी, म्हणजे ‘दाशी’, बहुधा सुकवलेल्या कात्सुओ माशाच्या किसाचे असते. मला ते ठाऊक होते. दिवसभर उपाशी असलेल्या म्हातारीकडे पाहून मी गप्प बसलो.

पुढे कोयासानच्या मठात उतरलो. तिथली ‘शोजिन र्‍योरी’ भिक्षूंची. मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. आपला चातुर्मासच म्हणा ना! दाशी कोंबू या समुद्रशेवाळाची नि सुक्या अळंबीची. पण खरी बहार ‘गोमादोफू’ची. नावात तोफू असले तरी त्यात सोयाबीन नसते. तीळ गंधासारखे वाटून, कुझू नावाच्या कंदाच्या सत्त्वात शिजवून थापलेली मऊ वडी! गृहिणींनी तवकीर घालून अवश्य करून पाहावी. मात्र ढवळता हात थांबला की गुठळी झालीच.

“यात काही नाही ना रे?” आईने विचारले. मला राहवेना. त्या साराचेही सांगून टाकले.

ती बराच वेळ वाटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “उपाशी राहिले असते रे मी. सांगायचेस.”

आणि वडी संपवली.