हौसेची चाके आणि आरसी बुक

गेल्या महिन्यात एका रविवारी देवगाव फाट्यावर उतरलो. मंठ्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूचा रस्ता इथेच फुटतो, म्हणून हा फाटा. थोरल्या अक्काचा मुलगा न्यायला येणार होता. चहाच्या हॉटेलपाशी उभा होतो, तोच एक जीप धुरळा उडवत समोर येऊन थांबली. चाके ट्रॅक्टरला शोभतील अशी, अंगाबाहेर निघालेली. पुढे जाड लोखंडी पाइपांचा बंपर आणि टपावर दिव्यांची लांब पट्टी. मी बाजूला झालो. म्हटले, कुण्या पुढाऱ्याची गाडी दिसते.

"मामा, ओळखली नाही का? आपलीच हाय की!"

गाडी खरेच आमचीच होती. दीड वर्षापूर्वी अक्काने महिला बचत गटातून एक लाख रुपये उचलून भाच्याला ही जुनी टॅक्सी परवान्याची जीप घेऊन दिली. गटातल्या चार बायकांनी तिच्यासाठी शब्द टाकला होता. अक्का सेलूला जिनिंगमध्ये हंगामी कामाला जाते. महिन्याचा हप्ता पाच हजार. फाटा ते सेलू सीटा मारून भाचा तो वेळेवर भरत होता, म्हणून मी निर्धास्त होतो.

"किती घातले हिच्यावर?" मी विचारले.

"जाऊ द्या ना मामा. दिसती कशी ते सांगा."

दिसत होती चांगली, हे मी कबूल करतो.

वाचकहो, जीप ही मुळात रस्ता नसलेल्या ठिकाणी जाण्यासाठी जन्मलेली गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैन्यासाठी सहा लाखांहून जास्त जीपा बांधल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रने मुंबईत विलीज कंपनीच्या जीपा जोडायला सुरुवात केली. तीच जात पुढे मराठवाड्याच्या कच्च्या रस्त्यांवर काळी-पिवळी होऊन आली. बहुतेकींना चारही चाकांची ओढ नव्हती, मागची दोनच चाके ओढायची. पण नाव जीपच.

आणि फेरफार म्हणाल, तर त्यात आपले लोक काही कमी नव्हते. मी कॉलेजला सेलूला जायचो तेव्हाच्या जीपा आठवा. मागे आडव्या फळ्या टाकलेल्या. ओझे पेलावे म्हणून कमानीत दोन पाटे जादा. मागे लोंबकळायला दांडा. ड्रायव्हरच्याही डाव्या-उजव्या बाजूला माणूस, म्हणजे स्टेअरिंग नेमके कोणाच्या हातात आहे ते देवच जाणे! एसटी चुकली की दुसरा इलाज नव्हता. अडलेली बाई त्याच जीपने दवाखान्यात गेली, हेही मी विसरलेलो नाही. मात्र त्या जीपा उलटल्या तेव्हा दांड्याला लटकलेले कोण होते, तेही विसरलेलो नाही. ते फेरफार पोटासाठी होते म्हणून ते बरोबर होते असे नाही.

गाव येईपर्यंत भाच्याने पाच वेळा स्टेअरिंग सावरले. साठच्या पुढे गाडी थरथरत होती. मी गाडीतला माणूस नव्हे, वह्यांतला. पण आमच्या वस्तीतले एक गृहस्थ वीस वर्षे गॅरेजमध्ये आहेत. संध्याकाळी त्यांना बोलावले. त्यांनी गाडीखाली सतरंजी टाकली आणि आत शिरले. बाहेर येऊन त्यांनी जे सांगितले ते मला पटले, कारण त्यात हिशेब होता.

आधीचा टायर 28 इंच उंचीचा. नवा 31 इंचाचा. म्हणजे चाक एकदा फिरले की गाडी पूर्वीपेक्षा सुमारे दहा टक्के जास्त पुढे जाते. पण स्पीडमीटर फिरण्यावरच मोजतो, त्याला नव्या टायरची खबर नाही. तो 60 दाखवतो तेव्हा गाडी 66 ने धावत असते. जड आणि उंच चाक फिरवायला इंजिनाला जोर जास्त लागतो. सीटा भरून चढावर निघाली की क्लच जळतो. थांबवायलाही जोर जास्त, आणि ब्रेक मात्र जुनेच. रिम बाहेर काढलेली, त्यामुळे भार बेअरिंगवर भलत्या जागी येतो. कमान पाट्यांचे शॅकल लांब करून गाडी उचलली, त्याने प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलला. आता क्रॉस लवकर खाणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बोजा वर गेला. टपावर सामान, आत दहा माणसे, आणि वळणावर समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला तर?

दिव्यांची पट्टी थेट बॅटरीला जोडलेली होती. ना रिले, ना फ्यूज. "वायर तापून आग लागायची वाट बघायली का?" असे त्या गृहस्थांनी विचारले, तेव्हा भाचा पहिल्यांदा गप्प झाला.

तरी त्याने एक मुद्दा सोडला नाही. "मामा, पावसाळ्यात आपल्या पांदीत गाडी रुतती. मोठं चाक लागतंच." यात तथ्य आहे. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, आणि टायरच्या नक्षीत बसली की टायर गुळगुळीत होतो. पण मग रुंद चाक तरी काय करणार? तेही लडबडतेच. गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे की त्याच मापाचा, खोल नक्षीचा टायर घ्या. सोबत जाड दोर, फावडे आणि दोन फळ्या ठेवा. चिखलात हवा थोडी कमी करा आणि डांबरीवर येताच पुन्हा भरा, नाहीतर टायर तापून फुटेल. हा सगळा खर्च त्या बंपरपेक्षा कमी.

आता कायद्याकडे येतो. मोटार वाहन कायदा 1988 सालचा. त्याचे कलम 52 सांगते की गाडीत असा बदल करायचा नाही, ज्याने कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल. टॅक्सीसारख्या ट्रान्सपोर्ट गाडीच्या नोंदीत टायरचे मापसुद्धा असते. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम कडकच वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182 अ आले. मालकाने परवानगी नसलेले भाग बसवून गाडी बदलली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, किंवा दोन्ही. लोखंडी बंपराबाबत तर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवले होते की ते बेकायदा आहेत. पायी चालणाऱ्याला त्या पाइपाचा मार जीवघेणा बसतो. नव्या गाड्यांत तर त्यामुळे एअरबॅग वेळेवर उघडण्यातही अडथळा येतो. एकाआड एक सूर काढणारे हॉर्नही चालत नाहीत. सीएनजी किट किंवा अपंग व्यक्तीसाठी केलेली सोय हे बदल करता येतात, पण मंजूर भाग वापरून आणि आरटीओकडे नोंद करून.

दुकानदाराने भाच्याला यातले काहीच सांगितले नव्हते. "पासिंगला कोण बघतंय" एवढेच म्हणाला होता. आठ वर्षांपेक्षा जुन्या टॅक्सीला दरवर्षी पासिंग असते. ते अडले की गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि हप्ता तर थांबत नाही. उद्या अपघात झालाच, तर विमा कंपनी हाच बदल दाखवून गाडीच्या नुकसानीचे पैसे अडवू शकते. जखमीला द्यायची भरपाई मालकाच्या मानेवर आली तर? मालक म्हणून आरसी बुकात नाव कोणाचे? अक्काचे.

रात्री जेवणे झाल्यावर वही काढली. टायर 28,000. रिमा 14,000. बंपर 9,000. दिवे 3,500. शॅकल आणि मजुरी 4,000. एकूण 58,500. अक्काला आकडे फारसे वाचता येत नाहीत, म्हणून मी हप्त्यांत सांगितले: जवळजवळ बारा हप्ते. ती काही बोलली नाही. उठून भांडी घासायला बसली. भाच्याचा चेहरा बघवेना.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मामा, माझा आजा पाटलाच्या बैलगाडीमागं पायी चालायचा. गाडीत बसायची सोय नव्हती त्याला. आज माझी गाडी फाट्यावर आली की सगळे वळून बघतेत. ह्याला काहीच किंमत नाही का?"

याचे उत्तर माझ्या वहीत नव्हते. मी एवढेच म्हणालो, "आरसी बुक आण." त्याने आणले. एमएच 22, आणि खाली त्याच्या आईचे नाव. म्हटले, "तुझ्या आज्याच्या घरातल्या बाईचं नाव सरकारी कागदावर गाडीची मालक म्हणून आहे. हे वळून बघण्यासारखं नाही का रे?" तो हसला, पण मनापासून नव्हे.

पुढच्या आठवड्यात बंपर निघाला, शॅकल निघाले. जुने टायर टायरवाल्याकडे पडून होते, ते परत मिळाले. नवे टायर आणि रिमा निम्म्या किमतीला गेल्या, म्हणजे 21,000 हाती आले आणि तेवढेच बुडाले. आलेले पैसे पुढच्या चार हप्त्यांसाठी अक्काने स्वतःकडे ठेवून घेतले. बंपरला गिऱ्हाईक नाही. तो घराच्या मागे भिंतीला टेकवला आहे, अक्का त्यावर गोधड्या वाळवते.

दिव्यांच्या पट्टीचे भांडण अजून मिटलेले नाही. काल त्याचा फोन आला होता: मागे ओढायला हूक लावला तर चालेल का? परभणीला कामानिमित्त सोमवारी जाणे आहे, तेव्हा आरटीओ कार्यालयात विचारून येतो म्हणालो.