येणारा कावळा, न येणारा कावळा

मराठी भयकथांचं कुठलंही यूट्यूब चॅनल उघडा. थंबनेलवर निष्पर्ण झाड, मागे लाल चंद्र, फांदीवर जाड चोचीचा काळाकुट्ट पक्षी. ऑडिओ कथा असेल तर पहिल्या अर्ध्या मिनिटात तो ओरडतोच. फँटसी असेल तर निरोप आणतो, जगबुडीनंतरची गोष्ट असेल तर ओस शहरावर घिरट्या घालतो. गाव कोकणातलं, नायकाच्या आजीच्या तोंडी मालवणी, आणि पक्षी मात्र थेट नॉर्वेहून आलेला.

कारण तो कावळा नाहीच, तो रेव्हन आहे. ओडिन देवाचे हेर असलेले ह्युगिन आणि म्युनिन, एडगर अॅलन पोच्या १८४५च्या कवितेतला पाहुणा, हे सगळे रेव्हन. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या मूळ कादंबऱ्यांत तीन डोळ्यांचा 'क्रो' आहे, मालिकेत त्याचा 'रेव्हन' झाला. आपण दोघांनाही कावळा म्हणून मोकळे होतो. भारतात रेव्हन दिसतो तो वायव्येकडच्या कोरड्या भागात आणि हिमालयात. कोकणात दोनच कावळे: मानेभोवती राखाडी पट्टा असलेला गावकावळा आणि पूर्ण काळा डोमकावळा.

तिकडच्या लेखकांवर माझा राग नाही. उत्तर युरोपात लढाई झाली की मेलेल्यांवर रेव्हन खरंच उतरायचे, म्हणून काळा पक्षी दिसला की पोटात गोळा येणं हा त्यांच्या घरचा अनुभव आहे. स्टीफन किंगच्या 'द स्टँड'मधला (१९७८) खलनायक कावळ्याचं रूप घेतो, 'रेसिडेंट ईव्हिल: एक्स्टिंक्शन'मध्ये (२००७) संसर्ग झालेलं मांस खाऊन बिघडलेले कावळे माणसांवर तुटून पडतात. सगळीकडे भीती एकच: तो येईल. इंग्रजीत कावळ्यांच्या थव्याला 'मर्डर' म्हणतात. आपल्याकडे कावळ्यांची शाळा भरते.

आपली भीती उलटी आहे. तो येणार नाही, ही.

दहाव्याला घाटावर उभे राहिलेल्या कुणालाही विचारा. पिंड मांडलेला असतो, कावळे समोरच्या झाडावर असतात, आणि कुणी खाली उतरत नाही. मग कुजबुज सुरू होते. काय राहिलं असेल? धाकटीचं लग्न? जमिनीचा वाद? कुणीतरी पुढे होऊन हात जोडतं आणि मोठ्याने शब्द देतं. तरीही नाहीच आला, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचा. पंचवीस माणसं एका पक्ष्याकडे बघत उभी आहेत आणि तो पक्षी निर्णय घेतोय. याहून ताणलेला सीन मला कुठल्याही फँटसीत आठवत नाही. महेश मांजरेकरांच्या 'काकस्पर्श'ने (२०१२) तो बरोबर पकडला होता. धाकट्या भावाच्या पिंडाला कावळा शिवत नाही, थोरला भाऊ शब्द देतो, आणि त्या एका शब्दात एका विधवेचं अख्खं आयुष्य अडकतं. त्यात भूत नाही आणि लाल चंद्रही नाही.

याच क्रियापदाची दुसरी बाजू तर आपले भयकथाकार हातातही घेत नाहीत. पिंडाला कावळा शिवला की मेलेला सुटला. बाईला 'कावळा शिवला' की ती चार दिवस बाजूला. स्पर्श तोच, मेलेल्याला तो मोकळं करतो आणि जिवंत बाईला कोपऱ्यात बसवतो. हा अन्याय आहेच, पण फँटसी लिहिणाऱ्यासाठी हा जादूचा तयार नियमही आहे, आणि तो आपल्या आज्यांनी प्रत्यक्ष अंगावर भोगलेला आहे. त्यावर कादंबरी लिहायची सोडून आपण थंबनेलवर रेव्हन चिकटवतो. माझ्या धंद्यात याला दुसऱ्याचा कोड न वाचता पेस्ट करणं म्हणतात. तो चालतो, पण का चालतो ते सांगता येत नाही.

'पोस्ट-अपोकॅलिप्टिक' हा प्रकार आपल्याकडे नव्हताच, म्हणून उसनवारी करावी लागते, असं मला एका मित्राने ऐकवलं. नव्हता? मराठी पोराने ऐकलेली पहिली आपत्तीकथा चिऊकाऊची. पावसात शेणाचं घर वाहून गेलेला काऊ बंद दारावर टकटक करतो आणि आतून कारणं येत राहतात. २०२१च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेल्यानंतर ही गोष्ट मला बाळबोध वाटेनाशी झाली. त्यातला कावळा संकट आणत नाही, संकटात सापडलेला आहे.

आणि मोठ्यांसाठी योगवासिष्ठातला भुशुंड. मेरूवर राहणारा हा कावळा एकामागून एक प्रलय पाहून शिल्लक राहिलाय आणि वसिष्ठांना ते शांतपणे सांगतो. बारा सूर्य तापले की तो पाण्याची धारणा करतो, वादळ सुटलं की पर्वताची, सगळं बुडालं की वाऱ्याची. प्रत्येक आपत्तीला वेगळा हँडलर! पुढे तुलसीदासांच्या रामचरितमानसात हाच काकभुशुंडी गरुडाला रामकथा ऐकवतो. म्हणजे जग संपल्यावर उरलेला कावळा आपल्याकडे प्रेतांवर बसत नाही. झालेलं लक्षात ठेवतो.

आता जीवशास्त्र, कारण 'वातावरणनिर्मितीसाठी चालतं' हे उत्तर मला पटत नाही. गावकावळा माणसाला इतका बांधलेला आहे की वस्तीपासून तुटून तो जगत असल्याचं आढळत नाही. आपला उष्टा भात, आपला कचरा, आपल्या मच्छीबाजारातली आतडी हे त्याचं जंगल. माणसाच्या जहाजांवरून तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचला आणि तिथल्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करू लागला. शेवटी २०२४मध्ये केनियाने वर्षअखेरपर्यंत दहा लाख कावळे मारायचं ठरवलं. तिथे त्याचं नावच 'भारतीय घरकावळा' आहे. तेव्हा माणूस संपलेल्या तुमच्या मुंबईवर हजारो गावकावळे घिरट्या घालत असतील, तर ते खातात काय? पहिले काही आठवडे चंगळ, मान्य. पुढे? डोमकावळा रानात निभावून नेईल. गावकावळा आपल्या मागोमाग जाईल.

हे बघायला मला जगबुडीची गरज लागली नाही. अलोऱ्याला कोयना प्रकल्पामुळे वसाहत उभी राहिली. कामं संपली तशी माणसं बदल्यांवर निघून गेली. बंद क्वार्टर्सच्या रांगेत आता वेली आहेत, बुलबुल आहेत, कधी माकडं. उसनं घेतलेल्या कथांप्रमाणे कावळे इथेच असायला हवेत. ते असतात खाली, नाक्यावर, वडापावच्या गाडीजवळ. ओस इमारतीची खूण मला तिथे मिळाली: पितृपक्षात भिंतीवर घास ठेवायला कुणी नाही, म्हणून हाक मारली तरी यायला कावळा नाही.

मला वाचायची आहे ती गोष्ट इथून सुरू होते. वाशिष्ठीकाठी दहावा आहे, पिंड मांडलाय, आणि अख्ख्या तालुक्यात एकही कावळा उरलेला नाही. शब्द कुणाला द्यायचा? दर्भाचे कावळे विकणारा किती भाव लावेल? मेलेले कुठे थांबतील? कुणीतरी लिहा, मी पैसे देऊन घेईन. फक्त कव्हरवर पक्षी काढताना मानेवरचा राखाडी पट्टा तेवढा विसरू नका.