सलाइन लावण्याआधी विचारा

आनेकल तालुक्यात बोम्मसंद्रा, चंदापुरा, जिगणी या भागांत नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांत कोणी तापाने फणफणले की जवळचे नर्सिंग होम गाठले जाते. ‘फार अशक्तपणा आहे, एक सलाइन लावा,’ ही मागणी बहुधा आपणच करतो. सलाइन म्हणजे ताकदीचे औषध, असा आपला समज! प्रत्यक्षात साध्या सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. मात्र तोंडाने घेतलेले औषध उलटून तरी पडते, शिरेतून गेलेले औषध परत घेता येत नाही.

दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलमध्ये १९९३ साली नेमके हेच घडले. विषमज्वराच्या एका बालरुग्णाला नर्सने शिरेतून भलतेच इंजेक्शन दिले. मूल आईच्या मांडीवरच कोसळले आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. नर्सकडे आवश्यक पात्रता नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये हॉस्पिटललाच जबाबदार धरले. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मनस्तापासाठी पाच लाख रुपयांची भरपाई कायम झाली. मुलाबरोबर आईवडीलही ‘ग्राहक’ ठरतात, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

म्हणजे ‘चूक नर्सची, आमची नाही,’ असे म्हणून हॉस्पिटलला हात झटकता येत नाहीत. नर्सचीही स्वतःची जबाबदारी असतेच. डॉक्टरांचा लेखी आदेश, रुग्णाचे नाव, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ यांची खात्री करूनच तिने सुई लावायची असते. आदेशाबद्दल शंका आली तर डॉक्टरांना पुन्हा विचारणे हा उद्धटपणा नव्हे, ते तिचे कर्तव्य आहे. पोटॅशियम क्लोराईड पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते, हे लक्षात घेतले की या काळजीचे मोल कळते.

घरच्यांनी काय करावे? बाटलीत कोणते औषध आहे, ते कशासाठी आणि किती वेळात जाणार, हे आधी विचारावे. बाटलीवरची मुदत पाहावी. पाणी गढूळ दिसले तर लगेच सांगावे. घरी जायची घाई झाली म्हणून थेंबांची गती स्वतः वाढवू नये. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्याने धाप लागू शकते. सुईजवळ सूज, आग किंवा अंगात थंडी जाणवली तर नर्सला ताबडतोब बोलवावे. कन्नड येत नसेल तर खुणेने सांगावे, पण गप्प बसू नये.

काही विपरीत घडलेच तर केसपेपर लेखी मागावेत. मागणीनंतर ७२ तासांत ते देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

बहुतेक नर्स रात्र रात्र जागून जिवापाड सेवा करतात. आपण चार प्रश्न विचारले म्हणून चांगली नर्स रागावणार नाही. उलट, घरचे माणूस जागे आहे, याचा तिलाही आधारच वाटेल.