नादारीचा कायदा कागदावरच

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे आणि दुकाने लुटली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामतीत आहे. तेथून पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जखतांवर होता. खते हाती पडली की बहुतेक ठिकाणी जमाव ती जाळून निघून जाई. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव १८६५ नंतर कोसळला होता. त्यातच इंदापुरापासून सुरू झालेल्या फेरआकारणीने सारा वाढवला. खतावर दावा करायला तीन वर्षांची मुदत घालणाऱ्या १८५९ च्या कायद्यामुळे तर सावकार दर तीन वर्षांच्या आत थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घेऊ लागला. कुणबी कोर्टात जात नसे. एकतर्फी हुकूमनामे होत.

या दंग्यांतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्यता कायदा आला. न्यायाधीशाने केवळ खतावरचा आकडा न पाहता व्यवहार मुळापासून तपासावा, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करू नये, गहाण नसलेली जमीन जप्त करू नये आणि ५० रुपयांचे देणे असलेल्यालाही नादारी (दिवाळखोरी) मागता यावी, अशा त्यातल्या तरतुदी होत्या. न्यायमूर्ती रानड्यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. सावकारांनीही पळवाट शोधली : गहाणखताऐवजी खरेदीखत. पुढे दुरुस्ती करून, खरेदीखतामागे प्रत्यक्षात कर्जच आहे का, हे पाहण्याचा अधिकार न्यायालयाला द्यावा लागला.

ही पळवाट आजही मोडलेली नाही. महिना पाच-दहा टक्क्यांनी पैसे देणारा बिगरपरवाना सावकार जमिनीची खूषखरेदी किंवा कोरे धनादेश लिहून घेतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे कर्जदाराला सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. सावकारीच्या ओघात गेलेली जमीन १५ वर्षांच्या आतली असेल, तर जिल्हा निबंधक चौकशीअंती ते खत रद्द ठरवून ती परत देववू शकतो. बिगरपरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद आहे आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. पण तक्रार करायला पुरावा लागतो आणि तो बहुधा सावकाराच्याच कपाटात असतो.

पतसंस्थेचे कर्ज थकले, की सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो. दिवाणी दाव्याची गरज उरत नाही आणि कर्जदाराबरोबर जामीनदारही अडकतो. बँकांची एकरकमी परतफेड आणि लोकअदालतीतली तडजोड हे खरे तर सर्वांत जास्त वापरात असलेले मार्ग. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफी योजना बँका आणि विकास सोसायट्यांच्या शेतीकर्जापुरत्या होत्या. टेम्पो, मोबाइल किंवा आजारपणासाठी फायनान्स कंपनीकडून घेतलेल्या पैशांशी त्यांचा संबंध नव्हता.

तुरुंगाची भीती मात्र वाजवीपेक्षा मोठी आहे. फेडण्याची ऐपतच नसलेल्याला केवळ देण्यापायी कैदेत टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले. दिवाणी जप्तीतून शेतकऱ्याचे राहते घर, अवजारे आणि बैल वगळलेले असतात. वटला नाही तर फौजदारी होणाऱ्या धनादेशाची गोष्ट निराळी. त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कोरा धनादेश देणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

एवढे करूनही देणे फिटण्यासारखे नसेल, तर उरते ती नादारी. मुंबईबाहेर त्यासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. ५०० रुपयांवर देणे असलेला माणूस न्यायालयात अर्ज करू शकतो. मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, धनकोंमध्ये वाटली जाते आणि मुक्ततेचा हुकूम झाला की बहुतेक देणी संपतात. सरकारी देणे आणि लबाडीने केलेले कर्ज त्यातून सुटत नाही. मुक्त होईपर्यंत नादार माणसाला आमदार किंवा खासदार होता येत नाही, ही अट निवडणुकांनी भारलेल्या या मुलखात काहींना कर्जापेक्षाही जड वाटेल.

या शंभर वर्षांच्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग लिहिला गेला. कंपन्यांसाठीची व्यवस्था लगेच सुरू झाली. व्यक्तींपैकी फक्त कंपन्यांच्या कर्जाला हमी राहिलेल्यांना १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग लागू झाला. सामान्य कर्जदार दाराबाहेरच राहिला. केंद्र सरकारने हा भाग आता लागू करावाच, पण आहे तसा नव्हे. त्यातली 'नवी सुरुवात' ही गरिबांसाठीची तरतूद वार्षिक उत्पन्न ६० हजार, मालमत्ता २० हजार आणि कर्ज ३५ हजारांपर्यंत असलेल्यांनाच मिळते, शिवाय अर्जदाराचे स्वतःचे घर असता कामा नये. चंद्रमौळी असले तरी घर असलेला शेतमजूर या अटीनेच बाद होतो आणि एका दुभत्या म्हशीचे कर्जही ३५ हजारांत बसत नाही.