आकडा यंत्राचा, अर्थ गुरूचा

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला हिशेबाची सवय लहानपणीच लागते. संध्याकाळी गल्ला मोजायचा, रोजमेळाशी ताळा पाहायचा आणि मगच दुकानाला कुलूप लावायचे, हा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. मात्र हाच माणूस रविवारी सकाळी गोल्फची काठी हातात घेऊन उभा राहिला, की हिशेब बाजूला पडतो. चेंडू उजवीकडे का वळला, याचे उत्तर तो अंदाजाने देतो आणि त्याच अंदाजावर पुढचा फटका मारतो. दुकानात जी गोष्ट त्याने एक दिवसही चालू दिली नसती, ती मैदानावर वर्षानुवर्षे चालू राहते.

नवी मुंबईतील कुटुंबांसाठी हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासूनचा. परंतु तेथील हिरवळ प्रामुख्याने सभासदांची. सिडकोने २०१२ साली खारघरच्या डोंगरांच्या कुशीत अकरा होलचे मैदान सुरू केले आणि शुल्क भरून खेळण्याची वाट सामान्य नागरिकालाही मोकळी झाली. तळवलीहून ठाणे-बेलापूर रस्त्याने दक्षिणेकडे निघून बेलापूर ओलांडले, की हे मैदान फारसे लांब उरत नाही. त्यामुळे पन्नाशीच्या उंबरठ्यावर, मुलांच्या हाती व्यवहार सोपवत असताना, या खेळाकडे वळणे शक्य झाले आहे. अडचण पुढे येते. महागडे साहित्य घेतले जाते, चेंडू मनासारखा जात नाही, म्हणून अधिक जोर लावला जातो. जोराने कंबर दुखावते आणि वर्षभरात साहित्य माळ्यावर जाते. पैशाचे नुकसान भरून निघते. उतारवयात मोकळ्या हवेत चालण्याची मिळालेली संधी मात्र हातची जाते.

हे टाळण्याचा एक मार्ग म्हणजे शिक्षकाकडील धड्यांना लाँच मॉनिटर या यंत्राची जोड देणे. क्लब आणि चेंडू यांचा प्रत्यक्ष स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. कितीही अनुभवी शिक्षक असला, तरी तो क्षण डोळ्यांनी पाहणे अशक्य. यंत्र तो टिपते. काही यंत्रे रडारवर चालतात. हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारिता बदलते, हे तत्त्व ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली मांडले. मुंबईत पहिला गोल्फ क्लब स्थापन झाल्याची नोंदही त्याच वर्षाची आहे. या दोन गोष्टी एकत्र यायला मात्र दीडशेहून अधिक वर्षे लागली. डेन्मार्कमधील ट्रॅकमॅन ही कंपनी २००३ साली स्थापन झाली आणि तिच्या रडारने गोल्फच्या चेंडूचा माग काढण्यास सुरुवात केली. दुसऱ्या प्रकारची यंत्रे अतिवेगवान कॅमेऱ्यांनी आघाताच्या क्षणाची छायाचित्रे घेतात आणि त्यावरून चेंडूचा पुढील प्रवास गणिताने काढतात.

पडद्यावर उमटणाऱ्या आकड्यांपैकी व्यापाऱ्याला चटकन उमगेल असा एक आकडा आहे. चेंडूच्या वेगाला क्लबच्या वेगाने भागले, की आघात किती कार्यक्षम होता ते कळते. ड्रायव्हर या सर्वांत लांब क्लबचा वेग ताशी १४० किलोमीटर आणि चेंडूचा ताशी २१० असेल, तर गुणोत्तर १.५ येते, ही जवळजवळ कमाल मर्यादा होय. तोच क्लब तितक्याच वेगाने फिरूनही चेंडू ताशी १८९ किलोमीटरनेच निघाला, तर गुणोत्तर १.३५ वर घसरते. याचा बहुधा अर्थ असा, की चेंडू क्लबच्या मध्यावर बसला नाही. अशा खेळाडूला जास्त ताकदीची गरज नसते. गळती थांबवण्याची असते. विक्री वाढवण्याआधी घट कोठे येते ते पाहावे, हे ज्याला पेढीवर समजते त्याला येथेही समजावे.

यंत्राने एक जुना समजही दुरुस्त केला. चेंडू प्रथम क्लबच्या फिरण्याच्या मार्गाने निघतो आणि मग क्लबचा चेहरा ज्या दिशेला वळलेला असेल तिकडे वळतो, असे पूर्वी अनेक पुस्तकांतून शिकवले जाई. मोजमापाने दाखवले, की चेंडूची आरंभीची दिशा मुख्यतः चेहराच ठरवतो. त्याचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक असतो. पुढचे वळण चेहरा आणि मार्ग यांच्यातील फरकातून येते. उदाहरणार्थ, उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या क्लबचा मार्ग लक्ष्याच्या ६ अंश डावीकडे आणि चेहरा १ अंश डावीकडे असेल, तर चेंडू किंचित डावीकडे निघून उजवीकडे वळतो. यालाच स्लाइस म्हणतात. उजवीकडे गेलेला चेंडू पाहून खेळाडू आणखी डावीकडे क्लब फिरवतो. मार्ग आणि चेहरा यांतील अंतर वाढते आणि वळण अधिकच बळावते. रोगावरचा उपायच रोग वाढवतो. हा फेरा अंदाजाने सुटत नाही. आकड्याने सुटू शकतो.

तथापि आकडा काय घडले ते सांगतो. काय करावे ते सांगत नाही. चेहरा उघडा राहिल्याचे यंत्र दाखवील, परंतु त्याचे मूळ पकडीत आहे, मनगटात आहे की ताठरलेल्या कमरेत आहे, हे शिक्षकच ओळखतो. वीस आकडे एकाच वेळी सुधारू पाहणारा विद्यार्थी एकही सुधारत नाही. म्हणून चांगल्या धड्याचा क्रम साधा असतो. आरंभी एकाच मधल्या क्लबने दहा चेंडू मारावेत आणि त्यांची सरासरी लिहून ठेवावी. सर्वांत लांब गेलेल्या एका चेंडूवर भाळू नये. दिवाळीतील एका दिवसाच्या विक्रीवरून कोणी वर्षाचा अंदाज बांधत नाही. मग शिक्षकाने एकच आकडा निवडावा आणि एकच सराव द्यावा. सराव चालू असताना पडदा बंद असलेला बरा, म्हणजे लक्ष शरीराच्या जाणिवेवर राहते. शेवटी पुन्हा त्याच क्लबने दहा चेंडू मारून ताळा पाहावा आणि वहीत तारखेसह नोंद करावी. पुढच्या धड्याची सुरुवात त्या नोंदीपासून व्हावी.

काही सावधगिरीही हवी. बंद खोलीत जाळीवर मारलेल्या चेंडूचे अंतर गणिताने काढलेले असते. सरावाचे झिजलेले चेंडू नव्यासारखे उडत नाहीत. स्वस्त यंत्रे काही आकडे मोजतात, तर काही अनुमानाने देतात. व्यावसायिक यंत्राची किंमत कित्येक लाख रुपये असते, तेव्हा ते घरी आणण्यापेक्षा ते वापरणाऱ्या शिक्षकाकडे जाणे शहाणपणाचे. वेगाच्या आकड्याच्या मागे लागून कंबरेवर ताण देऊ नये. साहित्य घेताना आणखी एका गोष्टीची चौकशी करावी: गोल्फचे हातमोजे पुष्कळदा मेंढीच्या कातड्याचे असतात. कृत्रिम धाग्याचे हातमोजेही मिळतात, आणि अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घराने ते मागून घ्यावेत.

अंतर म्हणजेच यश, हा भ्रमही पडदा निर्माण करू शकतो. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथ्या आली. लांब फटके मारणाऱ्यांत तिची गणना नव्हती. हिरवळीवरील तिच्या अचूक पटिंगने तिला शेवटच्या दिवसापर्यंत पदकाच्या शर्यतीत ठेवले. आपले बळ कोठे आहे आणि कोठे नाही, हे तिला ठाऊक होते.

आकड्यांचा खरा उपयोग तोच. हिशेबाची वही धंदा करीत नाही. ती धंदा करणाऱ्याला स्वतःशी खोटे बोलू देत नाही. लाँच मॉनिटरही तेवढेच करतो. ती वही वाचायला शिकवणारा जाणता माणूस शेजारी असला, तर पन्नाशीत हाती घेतलेला खेळ सत्तरीतही सोबत राहू शकतो.